न फोडलेला साचा

रविवारच्या मैदानावर सगळे त्याला तोंडावर साचेवाले म्हणत आणि पाठ वळली की मिलीमीटर. हे नाव पेंटरने ठेवलं होतं, आणि ते उगाच ठेवलं नव्हतं. कुणी गाडीचं बॉनेट जरा उंच करून मागितलं की हा विचारायचा, जरा म्हणजे किती मिलीमीटर? समोरचा बिचारा दोन बोटांच्या चिमटीत अंतर दाखवायचा, आणि हा खिशातून कॅलिपर काढून ती चिमटी मोजायचा. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं. त्याच्या बायकोने तो सत्तावीस वर्षं केला होता आणि अधूनमधून ती तसं बोलूनही दाखवायची.

मैदान म्हणजे गोदामांच्या मागची सपाट डांबरी जागा. तिथे दर रविवारी पोट सुटलेली, केस गेलेली मोठी माणसं रिमोटवर पळणाऱ्या हातभर लांबीच्या गाड्यांच्या शर्यती लावत. मोटर, चाकं, बॅटरी हे सगळं बाजारात तयार मिळतं. पण वरचं शेल, म्हणजे गाडीचं अंग, प्रत्येकाला दुसऱ्याहून वेगळं हवं असतं. ते पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटचं करतात. शीट भट्टीत तापवायची, मऊ होऊन तिला झोळ पडला की साच्यावर ओढायची आणि पंपाने खालून हवा खेचून घ्यायची. मग ती साच्याला अशी चिकटते की दाराची फटसुद्धा उमटते. निवल्यावर शेल साच्यावरून उतरवायचं, कडा कापायच्या आणि ते आतल्या बाजूने रंगवायचं. साचा करणार मिलीमीटर, भट्टी सांभाळणार त्याची बायको आणि रंगवणार पेंटर, अशी ही तिघांची साखळी वीस वर्षं चालली होती.

मिलीमीटर आणि पेंटर दोघं मूळचे पंख्याच्या कारखान्यातले. हा ओतकामाचे लाकडी नमुने करायचा, पेंटर स्प्रेच्या खोलीत असायचा. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून पेंटर म्हणाला होता, तुला लाकूड कोरता येतं, मला रंगवता येतं, दोघं मिळून निदान खेळणी तरी करू. त्यावर हा चिडला होता आणि आठवड्याने त्याच्याकडे पहिला साचा घेऊन गेला होता. तेव्हापासून एकही दिवस असा गेला नाही की दोघं भांडले नाहीत. पेंटरचं म्हणणं, रंग चढेपर्यंत तुझं शेल म्हणजे उघडं डबडं. याचं म्हणणं, साचा चुकला तर तुझा रंग काय चाटायचाय? जगात मिलीमीटरला तोंडावर मिल्या म्हणणारा तेवढा एक माणूस होता.

मिलीमीटरचा कारखाना म्हणजे घराची मागची खोली. एका भिंतीला भट्टी, दुसऱ्या भिंतीला बाक, मधे बायकोला उभं राहायला पुरेल एवढी जागा. सगळीकडे पांढरी धूळ. ती धूळ चहात पडायची, उशीवर दिसायची, आणि लेक लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या बॅगेतही निघाली म्हणे. बाकावर पटाश्या, कानशी, पॉलिश पेपरचे तुकडे आणि सुईएवढं भोक पाडणारं हाताने फिरवायचं ड्रिल, सगळं उंचीप्रमाणे लावलेलं. त्यातलं एक जरी हललं तरी त्याला कळायचं. घरातलं बाकी काय हललं ते मात्र कधी कळलं नाही.

त्याच्या धंद्याचा एक नियम होता आणि त्या नियमावरच धंदा उभा होता. खास ऑर्डरचा साचा, ठरलेली शेलं काढून झाली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडायचा. दुसरे साचेवाले साचा ठेवून घेत आणि मागच्या दाराने आणखी शेलं विकत. मग हौसेने करून घेतलेलं शेल घेऊन माणूस मैदानावर यावा आणि शेजारच्याकडेही तेच दिसावं. मिलीमीटरच्या घरी असं होत नसे. तो गिऱ्हाइकाच्या हातात हातोडा द्यायचा. म्हणायचा, माझ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा. लोकांना हे फार आवडायचं, आणि त्यालाही स्वतःचं हे वाक्य फार आवडायचं.

अशात दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या वडिलांची एक जुनी गाडी होती, केव्हाच भंगारात गेलेली. तिचे पाच-सहा फोटो आणले होते आणि त्यांना त्या गाडीची बारा शेलं हवी होती. साच्यासाठी त्यांनी आपल्या दवाखान्यातलं दातांच्या कवळ्यांचं प्लास्टर दिलं, एक पोतंभर. दगडासारखं कडक होतं ते, आणि केसाएवढी रेघ धरून ठेवणारं. मिलीमीटर त्या प्लास्टरवर असा खूश झाला की भावही नीट ठरवला नाही.

गाडी अवघड होती. तिच्या मागच्या चाकांवरचे फुगे खाली येताना आत वळत होते. साच्याला हे चालत नाही. साचा वरून खाली रुंदच होत गेला पाहिजे. कुठे आत वळला तर थंड झालेलं शेल तिथे अडकतं आणि ओढलं तर तडकतं. त्याच्या पहिल्या साच्यात नेमकं हेच झालं. महिना गेला, साचा बाजूला पडला. मग त्याने दुसरा कोरला आणि त्यात डोळ्यांना फसवलं. फुग्याखाली एक सावली पडेल अशी कड ठेवली. बघणाऱ्याला वाटावं फुगा आत वळलाय, आणि कॅलिपर लावला तर बाजू अगदी रुंदच होत गेलेली. पहिलं शेल उतरवलं तेव्हा ते हाताला कुठेही न अडखळता सुटून आलं. तो बराच वेळ ते वर धरून बघत राहिला. बायको म्हणाली, लग्नात माझ्याकडे एवढा वेळ बघितलं असतंत तर बरं झालं असतं.

बारा शेलं निघाली. पेंटरने आठ दिवसांत ती रंगवून दिली. बाराही वेगळ्या रंगांची, आणि एक असं निळं की त्या शेलला हात लावायची भीती वाटावी. डॉक्टर साचा फोडायला येणार होते त्या सकाळी मिलीमीटर बाकापाशी उभा राहिला आणि त्याच्याने होईना. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्या हातून एकच गोष्ट अशी झाली होती की तिच्यात त्यालाही खोट काढता आली नव्हती. त्याने ती जुन्या चादरीत गुंडाळून खाटेखालच्या ट्रंकेत ठेवली आणि फडक्याखाली पहिला, अडकणारा साचा मांडला. डॉक्टरांना त्यातलं काय कळणार? त्यांनी हातोडा असा घातला की दाढ काढताना इतका जोर लावत असतील तर पेशंटचं काही खरं नाही. तुकडे उडाले, डॉक्टर खूश झाले, आणि मिलीमीटरने नेहमीचं वाक्य म्हटलं. माझ्यावर नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवा.

बायकोने हे सगळं दारातून पाहिलं. पेंटरला त्याने काही सांगितलं नाही, कारण पेंटर एकच म्हणाला असता, फोड.

चौदा महिन्यांनी एका रविवारी बाहेरगावचा एक हौशी आपली गाडी घेऊन मैदानावर आला. तिच्यावर शेल होतं डॉक्टरांच्या वडिलांच्या गाडीचं, भडक हिरव्या रंगात. मिलीमीटर तिच्यापाशी जाऊन वाकला. प्रत्येक साच्यावर तो एक खूण ठेवायचा, मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात तिळाएवढी खाच. ती खाच तिथे होती. त्या माणसाने शेल कुठल्याशा दुसऱ्या मैदानावर चार टायरांच्या बदल्यात घेतलं होतं, आणि त्याच्याकडे तसंच आणखी एक होतं, कोरं, न रंगवलेलं. मिलीमीटरने ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. तोवर डॉक्टर येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते शेलकडे नाही, मिलीमीटरकडे बघत होते.

आता या धंद्यात चोरी कशी होते ते सांगायला हवं. शेल हाती लागलं की त्याच्या आत प्लास्टर ओतायचं, झाला तुमचा साचा. पण शेल रंगवलेलं असेल तर रंगाच्या थरांच्या कडा त्या प्लास्टरवर उमटतात, आणि पुढच्या शेलवर केसासारख्या रेघा येतात. मिलीमीटरने कोरं शेल उन्हात धरलं. एकही रेघ नाही. म्हणजे नक्कल न रंगवलेल्या शेलवरून झाली होती. डोळे शेलवर होते आणि डोकं भलतीकडे धावत होतं. कोरी शेलं कुणाकडे होती? ट्रंकेतला साचा त्याला त्या क्षणी आठवलाच नाही. चौदा महिने तो सगळ्यांना सांगत होता की साचा फुटला, आणि स्वतःच सांगितलेलं त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

"कोरी शेलं बारा निघाली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बाराच्या बारा एकाच माणसाकडे गेली. आठ दिवस त्याच्याकडे होती."

पेंटर तिथेच, आपल्या खोक्यावर बसून पाणी पीत होता. तो उठून आला. त्याने मिलीमीटरच्या हातातलं शेल घेतलं, आतून अंगठा फिरवला, मागच्या फुग्यांपर्यंत नेला आणि तिथे जरा थांबला. मग त्याने मान वर केली.

"तुला खात्री आहे?" त्याने विचारलं.

"शंभर टक्के."

"बरं," पेंटर म्हणाला आणि शेल परत दिलं.

त्याने एवढंच म्हटलं, आणि तेवढ्याने त्याचा निकाल लागला. निर्दोष माणूस ओरडतो, छाती पिटतो, आईची शपथ घेतो, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. हा मिठाची गुळणी धरून आपलं खोकं उचलतो म्हणजे काय? क्लबच्या सेक्रेटरीने तिथल्या तिथे जाहीर केलं की यापुढे पेंटरला कुणी काम द्यायचं नाही. डॉक्टरांनी मिलीमीटरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, घरचाच माणूस निघाला हो. मिलीमीटरला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी आपलं नाव वाचल्याचं बरंही वाटलं होतं, आणि ते त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

ते कोरं शेल पुरावा म्हणून घेऊन तो घरी आला. बायको जमिनीवर बसून शीट कापत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पेंटरचं "बरं" तर दोनदा सांगितलं. बायकोची कात्री थांबली.

तिने विचारलं, कुठलं शेल? त्याने दाखवलं. तिने ते हातातही घेतलं नाही.

"ते मी काढलंय," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. तिने परत सांगितलं. तो लेकीच्या बाळंतपणात चार दिवस तिच्या घरी गेला होता, तेव्हा हिने ट्रंकेतून साचा काढला आणि आठ शेलं ओढली. भावाला दिली. भावाचं दुकान नवीन होतं, कुणाकडे नाही असं काहीतरी त्याला काचेत मांडायला हवं होतं. आपल्या गावात विकायचं नाही एवढं तिने त्याला बजावलं होतं.

"विचारलं का नाहीस?"

"कुणाला विचारू? तो साचा तर फुटला होता ना?" ती म्हणाली. "डॉक्टरांच्या हातून तुम्हीच फोडवलात. नसलेल्या साच्याचं तुमच्यापाशी काय विचारायचं? आणि तो नुसता गुंडाळून ठेवायचा होता तर केलात कशाला? वीस वर्षं भट्टीपाशी मी उभी आहे. शीट कधी उतरवायची ते माझ्या डोळ्याला कळतं, तुमच्या कॅलिपरला नाही. पण लोकांना सांगताना साचा, साचा आणि साचा. मला वाटलं, एकदा आपल्या मनाने काढून बघावीत."

मिलीमीटरने ट्रंक ओढली. चादर सोडली. साच्याला बारीक भोकं असतात, सुईएवढी, हवा निघून जायला. शीट ओढली जाते तेव्हा त्या भोकांत ती कणभर शिरते आणि शेलच्या आतल्या बाजूला मोहरीहून बारीक टिपके राहतात. नक्कल करणाऱ्याला आपली भोकं नव्याने पाडावी लागतात, म्हणून नकलेत टिपके दुप्पट दिसतात, त्याचे आणि मूळचे. हे त्याला पोटातून माहीत होतं. मैदानावर त्याने रेघा शोधल्या, खाच शोधली, टिपके काही पाहिले नाहीत. आता त्याने शेल साच्यावर ठेवलं. ते कुठेही न अडता खाली गेलं आणि प्रत्येक टिपका आपापल्या भोकात बसला. नक्कल नव्हतीच ती. ते शेल याच साच्यावर जन्मलं होतं.

बायको उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, चला, आत्ता जाऊ. पेंटरभावजींना सांगू, मग डॉक्टरांना सांगू, काय व्हायचं ते होऊ दे.

इथे खरी गोष्ट आहे. अजून उजेड होता. पेंटरचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, चालत पाच मिनिटं. चूक झाली होती, पण ती एका दिवसाचीही जुनी नव्हती. मिलीमीटर खाटेवर बसला आणि हिशेब करू लागला. पेंटर सुटायचा तर साचा फुटला नव्हता हे सांगावं लागणार. ते सांगितलं की डॉक्टर विचारणार, मग मी फोडला तो काय होता? डॉक्टरांनी विचारलं की वीस वर्षांची सगळी गिऱ्हाइकं विचारणार, आमचे तरी फुटले होते का? बाकी सगळे खरेच फुटले होते. पण ते आता कोण मानणार? हातोड्याचा तो एक घाव म्हणजेच त्याचा धंदा होता. तो बायकोला म्हणाला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी म्हणाला, जरा निवळू दे. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलंच नाही, आणि याचा अर्थ तिलाही पटलं असा त्याने घेतला. माणसाला हवा तो अर्थ घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही.

त्या आठवड्यात त्याने साचा खरोखर फोडला. मोरीत बसून, चादरीसकट, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वर पोतं टाकून. कडक प्लास्टर होतं, बराच वेळ लागला. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम त्याने बादलीत भरलं आणि कचऱ्याच्या गाडीत ओतलं. पेंटर निर्दोष आहे हे दाखवू शकेल अशी तेवढी एकच वस्तू जगात होती. ते त्याला फोडताना कळत होतं. म्हणूनच तो फोडत होता.

त्यानंतर तीन वर्षं गेली. पेंटरला मैदानाचं काम बंद झालं. त्याने बारीक रंगकामाची पिचकारी विकली आणि गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवू लागला. निळ्यावर हात बसलेला माणूस काळ्या-पांढऱ्या आकड्यांवर आला. मिलीमीटरने नवा रंगारी धरला. तो पोरगेला आणि घाईचा, त्याच्या रंगाच्या कडा फुटत. घरात बायको भट्टीपाशी पूर्वीसारखीच उभी राहायची, पण आता ती घड्याळ लावून काम करायची. पूर्वी झोळ आला की ती "हं, आता" म्हणायची आणि हा पंप सुरू करायचा. आता घड्याळ वाजायचं. शीट कधी कच्ची राहायची, कधी फोड यायचे. तो काही बोलला तर ती म्हणायची, मिनिटं तर बरोबर होती. दोघांची जेवणं व्हायची, लेकीचे फोन व्हायचे, पेंटरचं नाव कुणी काढायचं नाही. संसार चालू होता, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

मिलीमीटर पेंटरच्या गल्लीत जायचा टाळू लागला. तरी एकदा औषधांच्या दुकानात गाठ पडली. पेंटरनेच विचारलं, लेक कशी आहे, नातू चालायला लागला का? हा हो म्हणाला, पैसे दिले आणि औषध काउंटरवरच विसरून बाहेर पडला. त्या रात्री त्याने ठरवलं की रविवारी सांगून टाकायचं. तो रविवार गेला, आणि तसे बरेच गेले. मैदानावर डॉक्टर असायचे ना. त्यांची ती बारा शेलं, ते निळं शेल, आणि "साचेवाले म्हणजे सोनं" हे त्यांचं बोलणं. डॉक्टरांच्या तोंडावर हे सांगायचं म्हटलं की तो ते पुढच्या रविवारवर ढकलायचा.

मग डॉक्टरच गेले. मुलाकडे राहायला, दुसऱ्या देशात. गाड्या वाटून टाकल्या, दवाखाना विकला, सगळ्यांचा निरोप घेतला. पुढच्या महिन्यात, एका रविवारी शर्यती संपल्यावर, मिलीमीटरने सेक्रेटरी आणि चार जुन्या मंडळींना एका बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. साचा, ट्रंक, बायको, आठ शेलं. त्याला वाटलं होतं आकाश कोसळेल.

काही झालं नाही. सेक्रेटरी म्हणाला, अहो, कधीची गोष्ट ती. दुसऱ्याने विचारलं, पेंटर म्हणजे ते चष्मेवाले का? तिसऱ्याने विचारलं, मग तो साचा आहे का अजून? फोडला म्हटल्यावर सगळेच हळहळले, पेंटरसाठी हळहळले नव्हते इतके. सेक्रेटरीने मात्र मोठ्या मनाने सांगितलं की पेंटरला म्हणावं, यायचं तर येऊ दे, आमची काही हरकत नाही.

मिलीमीटरचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला नीट झोप लागली. सोमवारी सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो पेंटरच्या दुकानात गेला. बायकोला सांगितलं नाही, परत येऊन सांगू म्हटलं.

दुकान होतं तसंच होतं. दार उघडं, आत पाट्या वाळत टाकलेल्या, एका स्टुलावर रंगाचे डबे. पेंटर वाकून एका पाटीवर आठचा आकडा काढत होता. त्याने वर पाहिलं, मान हलवली आणि आकडा पुरा करू लागला. मिलीमीटरने उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. घरी हजार वेळा घोकलेलं होतं, त्यामुळे कुठे अडखळला नाही. काल मैदानावर सगळ्यांना सांगितलंय, हे त्याने शेवटी सांगितलं, जरा जोर देऊन.

पेंटरने ब्रश पुसला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "शेल हातात आलं, आतून अंगठा फिरवला. टिपके एकेरीच होते. साचा तुझ्या घरात होता हे तिथेच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"डॉक्टर समोर उभे होते. मी बोललो असतो तर तू उघडा पडला असतास. तुला विचारलं ना मी, खात्री आहे का? म्हटलं, जाऊ दे. घरी जाईल, साचा बघेल, त्याला कळेल. संध्याकाळपर्यंत येईल. त्या दिवशी मी दार लावलंच नाही." त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या."

मिलीमीटरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दुसऱ्याच दिवशी आल्या. रडल्या. म्हणाल्या, मी जाऊन सगळ्यांना सांगते. मीच नको म्हटलं. म्हटलं, वहिनी, तुम्ही सांगू नका, त्याला सांगू द्या. तो येईल. आज ना उद्या येईल." पेंटरने पाटी उलटी करून भिंतीला लावली आणि दुसरी पुढे ओढली. "डॉक्टर कधी गेले?"

"गेल्या महिन्यात."

"हं," पेंटर म्हणाला.

त्याने नवीन पाटीवर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने रेघा आखू लागला. क्लबची हरकत नाही, हे सांगायचं राहिलं होतं, ते मिलीमीटरने सांगितलं. पेंटरने ऐकलं असावं. मग एक गिऱ्हाईक पाटी न्यायला आलं, त्याला वाट द्यायला मिलीमीटर मागे सरला आणि सरता सरता दाराबाहेर आला.

घरी बायको भट्टी पुसत होती. धुतलेला शर्ट पाहून तिला सगळं कळलं असणार. तिने फडकं खाली ठेवलं नाही.

"गेला होतात?" तिने विचारलं.

"हो."

"बसा म्हणाले का?"

"नाही."

"मला म्हणाले होते," ती म्हणाली, आणि भट्टीचं दार पुसायला लागली.